रत्नागिरीचा दीपस्तंभ : चढायचा उन्हं कलताना, बघायचा रात्री

रत्नदुर्ग किल्ल्यावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. सूर्य पाण्याला टेकला की सगळ्यांचे फोन वर होतात, आणि तो बुडाला की दहा मिनिटांत डोंगर मोकळा. दीपस्तंभ बघायला आलेली माणसं दिवा लागायच्या वेळेला निघून जातात, हे मला काही पटलं नाही. म्हणून आधीच सांगतो, रत्नागिरीचा दीपस्तंभ बघायचा तर दोनदा बघा. एकदा उन्हं कलताना वर चढून आणि एकदा अंधार पडल्यावर खाली मांडवीच्या किनाऱ्यावरून. यातलं एकच जमणार असेल तर दुसरं करा.

माझं सोलापुरात नवी पेठेत चष्म्याचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. तेव्हा काच फिरत्या चाकावर पाणी सोडून हातानं घासायचे, मग फ्रेममध्ये बसवायचे. आता मशीन आहे. गिऱ्हाईक म्हणजे चादर-टॉवेलच्या कारखान्यातले कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, शाळकरी पोरं. विडी बांधायचा दोरा चाळिशीत दिसेनासा झाला की बाई दुकानात येते. प्लस दीडचा चष्मा लावून दोरा दिसला की तिथंच हसते. जुनी मंडळी अजून उन्हासाठी ‘बी-टू’ काच मागतात. थोडक्यात, माझा जन्म काचेत गेला. समुद्राशी संबंध फक्त फोटोफ्रेममधला.

दीपस्तंभाचं वेड मला लागलं ते प्लास्टिकच्या एका पातळ तुकड्यामुळे. लकवा मारल्यावर किंवा डोळ्याच्या स्नायूला इजा झाल्यावर काही जणांना एकाचे दोन दिसायला लागतात. डॉक्टर अशांना प्रिझम लिहून देतात, म्हणजे किरण बाजूला वळवणारी पाचरीसारखी काच. मोठ्या नंबरचा प्रिझम काचेत करायचा तर एका बाजूची कड इतकी जाड होते की चष्मा नाकावर पेलत नाही. मग ‘फ्रेनेल प्रिझम’ म्हणून एक लवचिक पट्टी मिळते, ती कात्रीने कापून काचेच्या आतल्या बाजूला पाण्याने चिकटवायची. नखाने हलकं खरवडलं की बारीक खाचा लागतात. ऑगस्तँ फ्रेनेल हा फ्रेंच इंजिनिअर. त्याने या खाचांची युक्ती काढली ती दीपस्तंभासाठी. फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपस्तंभावर १८२३ साली त्याचं भिंग पहिल्यांदा बसलं. ज्या माणसाची युक्ती आपण कात्रीने कापून विकतो, तिचं मूळ ठिकाण एकदा तरी बघावं, असं कधीपासून मनात होतं. फ्रान्स काही आपल्याच्यानं होत नाही. रत्नागिरी होते.

सोलापूरहून रस्ता सरळ आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाटातून खाली साखरपा, पाली, हातखंबा. सगळं मिळून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. सांगोल्यापर्यंत आपलीच ज्वारी, बोरं, डाळिंबं. मिरजेनंतर ऊस. आणि घाट उतरलात की हवा एकदम ओली होते, ओठ फुटायचे थांबतात. आम्ही फेब्रुवारीत गेलो, आंब्याला मोहोर होता. हापूससाठी मे महिन्यात जाणाऱ्यांना माझा सल्ला, जरूर जा, पण मग दीपस्तंभाच्या नादी लागू नका. कोकणातल्या मे महिन्यात दुपारनंतर जिने चढणं म्हणजे घामाची आंघोळ. आमचा सोलापुरी उन्हाळा चाळीसच्या वर जातो खरा, पण कोरडा असतो.

किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा. लांबी साधारण १३०० मीटर, रुंदी १०००. तीन बाजूंना पाणी. बहमनी काळातला, नंतर आदिलशाहीत गेलेला आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी घेतलेला. आमचा सोलापूरचा भुईकोट पण बहमनी काळातलाच, आणि त्याच्यावरूनही आदिलशाही-निजामशाहीची भांडणं झाली. पण तिथं खंदक खणून पाणी आणावं लागलं. इथं पाणी फुकट.

गाडी बरीच वरपर्यंत जाते. बालेकिल्ल्यात भगवती देवीचं देऊळ आहे, नवरात्रात मोठी जत्रा असते. मंडप गार, फरशी स्वच्छ, बसायला जागा ऐसपैस. आमच्या हिच्या गुडघ्यांनी तिथंच निकाल दिला. “तुम्ही काच बघून या, मी देवी बघते,” म्हणाली. गुडघेदुखीवाल्यांनी हेच करावं. देवळाच्या तटावरून समुद्र सगळा दिसतो, आणि समोरच्या टोकावर, सिद्ध बुरुजावर उभा असलेला दीपस्तंभही दिसतो. वर गेलं नाही म्हणून काही चुकल्यासारखं वाटत नाही. मी आणि नात पुढं गेलो.

दीपस्तंभ १८६७ सालचा. म्हणजे रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला १८५६ साली, तेव्हा तो नव्हता, आणि ते दहा-अकरा वर्षांचे झाले तेव्हा आला. बघणाऱ्यांना वर सोडतात ते संध्याकाळच्या ठरावीक वेळातच. वेळ अधूनमधून बदलते, म्हणून शहरात उतरल्याबरोबर रिक्षावाल्याला किंवा लॉजवर विचारून घ्या आणि शेवटच्या अर्ध्या तासावर भरवसा ठेवू नका. तिकीट किरकोळ. चपला काढायच्या असतील तर विचारा, पण उन्हात तापलेल्या लोखंडावर अनवाणी पाय ठेवायची हौस नको.

आत गोल जिना, आणि शेवटी लोखंडी शिडीसारखा चढ. शेवटच्या टप्प्यात वरून उतरणारा आणि खालून चढणारा एकाच वेळी मावत नाही, एकाने थांबायचं. साडी सांभाळत चढणाऱ्या दोन मावश्यांना वरच्या एका पोराने हात दिला, तेवढ्यासाठी मागे दहा जण खोळंबले आणि कुणी तक्रार केली नाही. लहान लेकरू कडेवर घेऊन चढायचा विचारही करू नका.

गॅलरीत बाहेर पडलं की वारा कानात शिरतो. एका बाजूला खाली मिरकरवाडा बंदर, एकाला एक खेटून उभ्या होड्या, त्यांच्यावरची निशाणं. त्याच्या पलीकडे मांडवी, अजून पुढे काजळी नदी समुद्राला मिळते तो भाट्येचा किनारा आणि पूल. उलट बाजूला पांढरा समुद्र. मांडवीची वाळू काळसर आणि इकडची पांढरी, हा फरक वरून नुसत्या डोळ्यांनी कळतो. आणि समोर काहीच नाही. म्हणजे फक्त पाणी.

हे ‘काहीच नाही’ माझ्यासाठी मोठी गोष्ट. डोळे तपासायला तक्ता सहा मीटरवर लागतो. माझ्या दुकानात एवढी लांबी कुठली? आम्ही आरसा लावतो, तीन मीटरचे सहा करतो. सोलापुरातली माझी नजर दिवसभर आरशातल्या अक्षरांपलीकडे जात नाही. समुद्रसपाटीपासून शंभर मीटर उंचीवर उभं राहिलं तर क्षितिज साधारण ३५ किलोमीटरवर असतं. जवळचं बघताना डोळ्यातला जो स्नायू सतत ताणलेला असतो, तो इथं सैल पडतो. मोबाईलमुळे डोळे दुखतात म्हणून येणाऱ्या पोरांना मी दर वीस मिनिटांनी लांब बघायला सांगतो, पण लांब म्हणजे समोरच्या दुकानाची पाटी. गॅलरीत मात्र निम्मी माणसं समुद्राकडे पाठ करून फोनमध्ये स्वतःलाच बघत होती. असो.

गॉगल न्याच, आणि तो पोलराइज्ड असू द्या. पाण्यावरून परावर्तित होणारी चमक बहुतेक आडव्या दिशेची असते, ती ही काच अडवते. नातीने माझा गॉगल लावला आणि ओरडली, “आजोबा, खालचे दगड दिसायला लागले!” कड्याखालच्या उथळ पाण्यातले खडक तोवर चकाकीमागे झाकलेले होते. रस्त्यावरचा दीडशे रुपयांचा काळा गॉगल नुसता अंधार करतो, हे काम करत नाही. दुकानदार म्हणून बोलतोय असं वाटेल, वाटू दे.

आता मुख्य गोष्ट. दिव्याच्या काचेच्या खोलीत प्रवाशांना सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. बाहेरून मान वाकडी करून जेवढं दिसेल तेवढं बघायचं. पण काय बघायचं हे माहीत नसेल तर ती काचेची पेटीच वाटते, म्हणून फ्रेनेलच्या भिंगाबद्दल जरा सविस्तर सांगतो.

दिवा सगळीकडे उजेड फेकतो. आकाशात गेलेला आणि पायाशी पडलेला उजेड खलाशाच्या कामाचा नाही. तो सगळा गोळा करून क्षितिजाकडे सपाट पाठवायचा तर दिव्यापुढे प्रचंड भिंग हवं. साधं भिंग तेवढं मोठं केलं तर मधे इतकं जाड होईल की वजनाने मनोरा खचेल, आणि जाड काच उजेड पिऊन टाकेल ते वेगळंच. फ्रेनेलने असं बघितलं की किरण वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर. मधल्या जाडीचा त्यात वाटा नाही. मग त्याने वरचा वक्र ठेवला आणि आतली काच काढून टाकली. भिंगाची गोल वलयं केली, प्रत्येक वलय खाली बसवलं. गोल बारवेत वरून डोकावल्यावर पायऱ्यांची कडी दिसतात, तसं हे भिंग समोरून दिसतं. मधे एक गोल डोळा आणि भोवती वलयं. अगदी वरच्या आणि खालच्या अंगाला तिकोनी लोलक, कारण तिथले किरण इतके तिरपे येतात की नुसतं वळवून भागत नाही. ते लोलकाच्या आत आरशावर आपटल्यासारखे पूर्ण परत फिरतात आणि समोर जातात. आमच्या भाषेत, प्लस नंबरचं भलंमोठं भिंग, पण वजन काढून घेतलेलं.

अशी भिंगं त्या काळी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ चान्स ब्रदर्सच्या कारखान्यात व्हायची, लंडनच्या १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसच्या काचा केल्या तोच कारखाना. आकारानुसार भिंगाच्या ‘ऑर्डर’ ठरलेल्या. पहिल्या ऑर्डरच्या भिंगात दिव्यापासून काचेपर्यंतचं अंतरच ९२० मिलिमीटर, म्हणजे आत माणूस आरामात उभा राहील. मोठी भिंगं पाऱ्याच्या हौदावर तरंगती ठेवायचे, म्हणजे टनावारी वजन बोटाने ढकललं तरी फिरतं. वीज यायच्या आधी ती फिरवायला घड्याळासारखी यंत्रं, वजन खाली उतरत जायचं आणि रखवालदार रात्रीतून ते पुन्हा वर चढवायचा. शिवाय तेलाच्या दिव्याची काजळी काचेवर धरायची, ती रोज पुसायची. दिवसभर काचा पुसणाऱ्या माणसाला हे ऐकून आपलेपणा वाटणारच.

नातीने विचारलं, दिवसा भिंगाला पडदे कशाला? फार चांगला प्रश्न. जे भिंग आतला उजेड बाहेर सपाट फेकतं तेच बाहेरचं ऊन आत एका बिंदूवर गोळा करतं. सूर्य समोर आला तर दिव्याच्या जागी आग लागेल. म्हणून जगभर अशी भिंगं दिवसा पडद्याआड ठेवायची पद्धत आहे. शाळेत भिंगाने कागद जाळलेला असतो सगळ्यांनी, तोच खेळ.

अंधार पडायच्या आत आम्ही किल्ला उतरलो आणि मांडवीच्या जेट्टीवर गेलो. भेळ, मक्याचं कणीस, पोरांचा कलकलाट, काळी वाळू. आणि पाण्यापलीकडे तो दिवा. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि मोजा. उजेड किती वेळाने येतो, किती वेळ राहतो, मधला अंधार किती. प्रत्येक दीपस्तंभाची ही चाल वेगळी ठरवलेली असते, खलाशांच्या पुस्तकात ती छापलेली असते. रात्री मधूनच झोत दिसला की घड्याळ लावून कळतं, हे रत्नागिरी की जयगड. आकडा मी इथं लिहीत नाही, नाहीतर तुम्ही मोजणार नाही. नात आणि मी वेगवेगळं मोजून ताडून बघितलं, भांडण झालं, परत मोजलं. ही तिकडून आरडत होती की भेळ मऊ पडली.

रत्नागिरीत बाकी बघायला भरपूर आहे. थिबा राजवाड्याला वेळ द्या. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला इथं आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास आणि १९१६ ला राजा इथंच वारला. म्हणजे वाट बघितली जवळपास पंचवीस वर्षं आणि राहायला मिळाली पाच-सहा. लाकडी कोरीवकाम, उतरती छपरं, आत संग्रहालय. जाण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या. उंचावर आहे, खाली नदी आणि समुद्र. बंदिवानाला एवढा लांबचा देखावा देणं ही मेहरबानी होती की शिक्षा, यावर आमच्यात परतीच्या वाटेत आंबा घाटापर्यंत वाद चालला. मी शिक्षेच्या बाजूने.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान छान राखलंय, जांभ्याचं घर, सावली. पतितपावन मंदिर १९३१ सालचं, सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने झालेलं, सगळ्या जातींना खुलं. झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. पोरांना तो दीपस्तंभापेक्षा जास्त आवडतो, हे मान्य करायला हवं.

राहायची आमची जागा साधारण होती. नाव लिहीत नाही. बुकिंग करताना ‘सी-फेसिंग’ म्हणाले, खिडकी उघडली तर समोर पाण्याची टाकी. टाकीत समुद्र असेल तर त्यांचं बरोबर. खोली घ्यायच्या आधी खिडकीतून स्वतः बघा. शाकाहारी माणसाचे हाल होतील अशी भीती होती, ती खोटी ठरली. बसस्टँडाच्या बाजूच्या एका घरगुती खानावळीत घावन-चटणी, फणसाची भाजी, सोलकढी पोटभर मिळाली. तिखट मात्र आम्हाला लागलंच नाही. हिने पिशवीतून शेंगाचटणी काढली, वाढणाऱ्या वहिनींना चाखायला दिली, त्यांनी पुडीच मागून घेतली. बाजारात कोकम घेताना एक लक्षात ठेवा. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, कढीसाठी. सरबताला साखरेचा पाक असलेलं अमृतकोकम वेगळं. चुकून आगळाचं सरबत केलंत तर पाहुणे परत येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गेलो. हा रस्ता समुद्राच्या कडेकडेने वर चढतो. दोन ठिकाणी गाडी थांबवावीच लागते, पण वळणावर थांबवू नका, मागून एसटी येते. पुळ्यात दर्शनाची रांग बरीच होती. पुढे मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर शांत, नीटनेटकं. आणि तिथून जयगड. जयगडचा दीपस्तंभ १९३२ सालचा, ओतीव लोखंडाचा मनोरा. रत्नागिरीचा बघून झालेल्याला तो मुद्दाम बघावासा वाटेल, दोन्हींची घडण सारखी नाही. वेळ नसेल तर जयगडचा किल्ला आणि खाडी बघून परत फिरा. गाडी फेरीबोटीत घालून तवसाळला उतरता येतं, मग गुहागरकडे मोकळा रस्ता. आम्हाला सोलापूर गाठायचं होतं म्हणून ते राहिलं.

एक धंद्यातली सूचना, चष्मा वापरणाऱ्या सगळ्यांसाठी. दीपस्तंभावरून उतरलात की चष्मा हातात घेऊन उजेडाकडे धरा. काचेवर पांढुरकी साय दिसेल. ते वाऱ्याने आणलेलं मीठ. शर्टाच्या टोकाने किंवा पदराने कोरडं पुसलंत की मिठाचे खडे कोटिंगवर बारीक ओरखडे काढतात, आणि ते पुढे रात्री समोरच्या गाडीचा उजेड पसरवतात. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग मऊ फडक्याने टिपायचं. यासाठी गाडीत पाण्याची एक बाटली वेगळी ठेवा. ओरखडा निघालेलं कोटिंग दुरुस्त होत नाही, काच नवीच करावी लागते, आणि हे मी चष्म्याचा दुकानदार असून सांगतोय.